डॉक्टर, ‘धूम्रपान बंद’च्या पुढचं लिहा

दुर्गाघाट, वाराणसी

महाराष्ट्रातल्या, काशीतल्या आणि जिथे कुठे मराठी वाचणारे डॉक्टर असतील तिथल्या सर्व डॉक्टर मंडळींना,



औषधांची नावं लिहून झाली की तुमच्या चिठ्ठीवर तळाशी एक ओळ येते: ‘धूम्रपान बंद’. आमच्याकडे बनारसला ती हिंदीत असते, ‘बीड़ी-सिगरेट बंद’, आणि तिच्याखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या असतात. वरच्या प्रत्येक गोळीपुढे ती कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे नीट लिहिलेलं असतं. या ओळीपुढे काहीच नसतं. बंद कशी करायची, पहिल्या आठवड्यात अंगात काय काय होईल, फार त्रास झाला तर कोणाला विचारायचं, पुन्हा कधी दाखवायचं, यातलं एक अक्षरही नाही. त्या मोकळ्या जागेबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी बनारसचा मराठी माणूस. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत, त्यांतलंच आमचं एक. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बनारसी, अशी आमची वाटणी. बरीच वर्षं सिगारेट ओढली, आता ओढत नाही. डॉक्टरांशी आयुष्यभर हिंदीत बोललो, पण हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण निम्मे नातेवाईक पुण्या-नागपुराकडे आहेत आणि त्यांचं गाऱ्हाणं माझ्याहून निराळं नाही. शिवाय बनारसची दोन मोठी कॅन्सर रुग्णालयं आता परळच्या टाटा मेमोरियल सेंटरकडून चालवली जातात: लहरताऱ्याचं होमी भाभा कॅन्सर रुग्णालय २०१८ पासून आणि बीएचयूच्या आवारातलं महामना पंडित मदनमोहन मालवीय कॅन्सर सेंटर २०१९ पासून. त्यामुळे या विषयात मुंबई आम्हाला परकी राहिलेली नाही आणि घरच्या माणसांपाशी बोलावं तसं मी बोलणार आहे.

पहिलं गाऱ्हाणं तुमच्या प्रश्नाचं.

“सिगारेट ओढता का?” असं तुम्ही विचारता. बनारसचा माणूस या प्रश्नाला अगदी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो आणि गालात सुरती, म्हणजे मळलेली तंबाखू, धरून तुमच्या खोलीतून बाहेर पडतो. इथे तंबाखू जर्दा होऊन पानात बसते. चुना लावून तळहातावर मळली की ती खैनी होते. गुल होऊन ती घरातल्या बायकांच्या हिरड्यांवर चोळली जाते. बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्या शहराने छाती फुगवली, मीही फुगवली. मात्र त्या पानात जर्दा किती पडतो, हे कुठल्याही केसपेपरवर येत नाही.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न आणखीच तोकडा पडतो. प्रौढांमधल्या तंबाखूच्या वापराची जी जागतिक पाहणी होते, तिच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. उत्तर प्रदेशात हेच आकडे १३.५ आणि २९.४ होते. म्हणजे नुसतं “ओढता का” विचारणाऱ्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरच्या समोरून तंबाखूचे बहुतेक रुग्ण नमस्कार करून निघून जातात. विदर्भातला खर्रा खाणारा मुलगा त्या प्रश्नात बसत नाही. मशेरी लावणारी आजी तर बसतच नाही, कारण तिच्या मते ती दात घासते. बाई समोर असली की हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. बाईला कसं विचारायचं, या संकोचाची किंमत तिची हिरडी देते.

याच प्रश्नामुळे आणखी एक गंमत होते. सिगारेट सोडलेला माणूस महिन्याभरात सुरतीवर जातो, तुम्ही “ओढता का” विचारता, तो “सोडली” म्हणतो आणि तुम्ही त्याला शाबासकी देता. निकोटिनने फक्त रस्ता बदललेला असतो.

म्हणून पहिलं मागणं. विचारा, “कुठल्याही रूपात तंबाखू घेता का?” आणि त्याला जोडून विचारा, “सकाळी उठल्यावर किती वेळात?” अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे, हे तुम्ही शिकलेला आहात. दोन प्रश्न, बाईला आणि पुरुषाला सारखेच. वरच्याच पाहणीत वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता, तंबाखू खाणाऱ्यांपैकी ३१.७ टक्क्यांना. उरलेल्यांच्या चिठ्ठीवर ती दोन रेघांची ओळसुद्धा आली नाही.

दुसरं गाऱ्हाणं भीतीचं.

काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र तुमच्या भिंतीवर असतं. सडलेल्या जबड्याचं चित्र पाकिटावर असतं. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग अशा इशाऱ्याने व्यापलेला असतो. त्याचा उपयोग आहे, नव्याने सुरुवात करणारा पोरगा कदाचित थबकत असेल. पण तंबाखू अंगात मुरलेल्या माणसाला मरणाची भीती घालायची, तर त्यासाठी बनारससारखं गैरसोयीचं गाव नाही. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात. हरिश्चंद्र घाटावरही जळतात. आमच्या बालपणीच्या वाटा तिथूनच गेल्या. आणि त्या लाकडांच्या थप्प्यांपासून हाकेच्या अंतरावर, नुकतंच आपलं माणूस चितेवर ठेवून आलेली मंडळी उभी राहून बीडी शिलगावतात. मरण म्हणजे काय हे त्यांना तुम्ही सांगायला नको. त्या घडीला त्यांना धीर देणारी दुसरी कुठलीही वस्तू जवळ नसते, एवढंच.

भीती वाटली की सवयीचा माणूस आधी सिगारेटच पेटवतो. तुमच्या खोलीतून घाबरून बाहेर आलेले लोक गेटसमोरच्या टपरीवर काय करतात, ते एकदा बघा.

त्याऐवजी हिशेब सांगा. माणसाला हिशेब कळतो. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी, बीडी ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे ६ वर्षांनी आणि बीडी ओढणाऱ्या बायकांचं सुमारे ८ वर्षांनी कमी होतं असं दिसलं. आता या हिशेबाची जमेची बाजू. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा ५० वर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासाने दाखवलं, की साठीला सोडली तर सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ९ आणि तिशीला जवळजवळ सगळी १०. “आता या वयात सोडून काय होणार?” असं म्हणणाऱ्या माझ्या मामांना हे तीन वर्षांचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. दुसरं मागणं हे, की जाणारी वर्षं सांगता तशी परत येणारीही सांगा.

तिसरं गाऱ्हाणं सगळ्यांत मोठं आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

“मन पक्कं करा,” असं तुम्ही सांगता. मधुमेहाच्या रुग्णाला तुम्ही मन पक्कं करायला सांगून घरी पाठवत नाही. तंबाखूच्या बाबतीत मात्र आजार तुमच्या पुस्तकात आणि इलाज आमच्या स्वभावात, अशी विभागणी कोणी केली ते कळत नाही. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून तर दिवसभर पुन्हा पुन्हा मागणी येते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप मोडते, भूक वाढते, पोट साफ होत नाही, एका जागी लक्ष लागत नाही. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढी निभावली की मावळते. हे सगळं मला कळलं ते सोडून बरेच दिवस झाल्यावर, वाचून. आधी कळलं असतं तर तिसऱ्या दिवशी घरच्यांवर खेकसताना मला निदान एवढं ठाऊक असतं, की हे निकोटिन तुटल्याचं लक्षण आहे आणि याला मुदत आहे. घरच्यांनाही ठाऊक असतं. आमच्याकडे तर बायकोच म्हणाली, “त्यापेक्षा ओढा एक.” तिला दोष कसा द्यायचा? तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आणि औषधं आहेत. निकोटिनचं च्युइंगगम आहे, पट्टी आहे. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे पर्याय २००९ साली आणि या दोन गोळ्या २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. भारताच्या २०२२च्या राष्ट्रीय यादीतही निकोटिनचे पर्याय आले. २ मिलिग्रॅमचं गम तर दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. तरीही मला ते पहिल्यांदा सुचवलं ते माझ्या भाच्याने, आणि मी ते साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावून संपवलं. उचकी लागली, घसा जळला, पोटात ढवळलं, आणि “हे आपल्याला सोसत नाही” असं ठरवून मी मोकळा झालो.

ते गम तसं खायचंच नसतं. सावकाश चावायचं, तिखटसर चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जायला हवं, पोटात नव्हे. डॉक्टर, हे गाव पान चावत नाही, घुलवतं. विडा गालात धरून तासभर गप्पा मारणाऱ्या माणसाला ही पद्धत शिकवायला अर्धं मिनिट पुरे. ते अर्धं मिनिट मला कोणी दिलं नाही.

दुसरी गोष्ट चहाची. आंबट पेय घेतलं की गममधलं निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही पिऊ नये. आमच्या घाटांवर पावलोपावली मिळतो तो लिंबाचा चहा. सोडणारा माणूस सिगारेटऐवजी गम तोंडात टाकतो, वर लिंबू-चहाचा कुल्हड घेतो आणि मग गम कुचकामी आहे म्हणतो. याहून बारीक गोष्ट अशी, की धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढतं; धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. अस्सीच्या अडीवर, म्हणजे चहाच्या अड्ड्यावर, बसून रोजच्याइतकाच चहा पिणाऱ्याला छातीत धडधडायला लागतं, रात्री डोळा लागत नाही आणि तो समजतो की सिगारेट सोडल्याचा हा परिणाम. थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं चालू असणाऱ्यांची तर मात्राच बदलावी लागू शकते. हे आम्ही कुठून ओळखणार? बुप्रोपियॉन फेफऱ्याच्या रुग्णाला चालत नाही, हे आम्ही कुठून ओळखणार? त्यासाठीच तुम्ही आहात.

म्हणून तिसरं मागणं: सोडण्याच्या दिवसाची तारीख रुग्णाबरोबर बसून ठरवा, औषध योग्य असेल तर नाव आणि मात्रा लिहून द्या, आणि पहिल्या चार आठवड्यांत काय होईल ते त्याला आणि त्याच्याबरोबर आलेल्या घरच्या माणसाला सांगा. मागे उल्लेख केलेल्या पाहणीत, सोडायचा प्रयत्न करणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी कुणाचीही, कसलीही मदत न घेता तो केला होता. त्यांची मनं कच्ची होती असं मला वाटत नाही. त्यांना एकटं सोडलेलं होतं.

चौथं गाऱ्हाणं पाठपुराव्याचं.

बीपीची गोळी लिहिली की “पंधरा दिवसांनी दाखवा”. टाके घातले की “आठव्या दिवशी या”. सिगारेट सोडायला सांगितली की जय गंगामैया! सोडणं एका दिवशी होतं, सोडलेली ठेवणं रोज करावं लागतं, आणि पुन्हा सुरू होण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो पहिल्याच आठवड्यांत. नेमक्या त्या काळात आमचा तुमचा संबंध नसतो.

माझा पाठपुरावा कोणी केला ते सांगतो, रागावू नका. माझ्या पानवाल्याने केला. रोज संध्याकाळी गेलो की तो हात थांबवून विचारायचा, “का गुरू, आजो बंद?” मी मान हलवली की जर्दा न घालता सादं पान लावून द्यायचा. एकदा कामाच्या कटकटीत मी सिगारेट मागितली तर त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पान लावत बसला. तंबाखू विकून पोट भरणाऱ्या माणसाने माझी चौकशी केली, नोंद ठेवली आणि गरजेच्या वेळी नकारही दिला. आता हेही सांगायला हवं, की त्याच्या साद्या पानातही सुपारी असायची, आणि सुपारी तंबाखूशिवायसुद्धा कॅन्सर करते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलेलं आहे. त्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या आपुलकीला तुमच्या ज्ञानाची जोड मिळाली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

तुमचा वेळ किती कमी असतो याची मला कल्पना आहे. बनारसच्या मोठ्या सरकारी ओपीडीत पूर्वांचलापासून बिहारपर्यंतची माणसं पहाटेपासून रांगेत असतात, आणि एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. म्हणून तासाभराचं समुपदेशन मी मागत नाही. लंडनमधल्या साध्या दवाखान्यांत मायकेल रसेल यांनी केलेला प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यातले ०.३ टक्के लोक वर्षभराने सिगारेटमुक्त होते. ज्यांना डॉक्टरने मिनिट-दोन मिनिटं सल्ला दिला त्यांच्यातले ३.३ टक्के. आणि ज्यांना सल्ल्याबरोबर एक पत्रक दिलं आणि “आम्ही पुन्हा चौकशी करणार आहोत” एवढं सांगितलं, त्यांच्यातले ५.१ टक्के. शंभरात पाच म्हणजे फार नव्हेत असं वाटेल. पण तुमच्या दारातून वर्षाला किती शंभर माणसं जातात?

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ती २०१६ पासून चालते आणि २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावर छापला जातो. चांगली सोय आहे, पण तिची जागा बघा. ज्याला आधाराची सगळ्यांत जास्त गरज असते, तो सोडलेला माणूस. त्याच्या खिशात पाकीट नसतं. आणि बनारसमध्ये पाकीट घेतं कोण? टपरीवर सुटी सिगारेट मिळते, दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटते. सुट्या सिगारेटवर ना जबडा, ना फुप्फुस, ना फोन नंबर. महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी बीडी विकायला २०२० साली बंदी घातली, पण टपऱ्यांवर त्याचा किती मान राखला जातो ते तुम्ही रोज बघता.

म्हणून चौथं मागणं सोपं आहे. तो क्रमांक तुमच्या चिठ्ठीवर छापून घ्या. शिक्का केलात तरी चालेल. आणि पुढची तारीख लिहा: पहिल्या आठवड्यात एकदा, महिन्याने एकदा. रुग्ण येऊ शकत नसेल तर तुमच्या दवाखान्यातल्या ताई दोन मिनिटांचा फोन करू शकतात. तो फोन येणार आहे हे ठाऊक असणं, हाच अर्धा आधार असतो.

पाचवं गाऱ्हाणं: सुटलेली पुन्हा लागते तेव्हाचं.

“फिर शुरू कर दिया?” हा प्रश्न मी एकाहून अधिक खोल्यांत, एकाहून अधिक डॉक्टरांकडून ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी तो रांगेतल्या मागच्या चार माणसांनाही ऐकू गेला आहे. साखर वाढली की तुम्ही गोळी बदलता, तंबाखू पुन्हा सुरू झाली की आवाज बदलता. परिणाम असा होतो, की पुढच्या खेपेला आम्ही खोटं बोलतो. बहुतेकांची कायमची सुटण्याआधी अनेकदा सुटून पुन्हा लागते, हे तुमच्या शास्त्रालाच मान्य आहे. मग घसरलेल्याला विचारायला हवं ते हे: कुठे लागली, कोणाबरोबर, काय झालं होतं, गम संपलं होतं का, गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का? बनारसमध्ये उत्तरं बहुधा ठरलेली असतील. अडीवर चहाबरोबर, लग्नाच्या मांडवात, रात्रपाळीला, किंवा घाटावर कुणाला पोचवून परत येताना. जागा कळली की पुढच्या वेळची तयारी करता येते. दरडावल्याने फक्त जागा लपवली जाते. पाचवं मागणं एवढंच: पुन्हा ओढायला लागलेला माणूस परत तुमच्याकडे आला, म्हणजे त्याने अजून हार मानलेली नाही. त्याचं स्वागत करा.

सहावं गाऱ्हाणं रुग्णालयाच्या व्हरांड्याचं.

कॅन्सरच्या एका रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक आलेले असतात. ते दिवसचे दिवस बाकांवर बसून काढतात, आणि तलफ आली की फाटकाबाहेर जाऊन बीडी ओढतात किंवा खैनी मळतात. एरवी त्यांना दवाखान्याचं तोंड बघायला फुरसत नसते. इथे मात्र ते रिकामे बसलेले असतात, आणि घरातल्याच माणसाचा जबडा बघून त्यांचं मन हललेलं असतं. सोडावीशी वाटण्याची एवढी अनुकूल वेळ त्यांच्या आयुष्यात पुन्हा येईल न येईल. त्या बाकांपाशी रोज एक समुपदेशक तासभर बसला, दहा जणांशी बोलला, चौघांची तारीख ठरवली, तरी मोठं काम होईल. आणि रुग्णालाही सांगा, की निदान झाल्यानंतर सोडण्यालाही अर्थ असतो, उपचार त्याने अधिक लागू पडतात. “आता काय, व्हायचं ते झालं,” असं म्हणून शेवटची बीडी त्याच्या हातात देणारे जीवलग मी पाहिले आहेत. प्रेमानेच देतात.

सातवं गाऱ्हाणं जपून मांडतो. २००३च्या कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी रुग्णालयात धूम्रपानाला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. तो दंड वॉर्डबॉयला आणि नातेवाइकाला होतो. रात्रपाळीच्या डॉक्टरला झालेला मी ऐकलेला नाही. तुमच्यातल्या तरुणांवर कामाचा ताण किती असतो हे कळतं, म्हणून हे टोमण्यासारखं घेऊ नका. तुमच्यातला जो ओढतो त्यालाही आमच्यासारखाच आधार लागणार आहे, आणि तो मागायला त्याला आमच्याहून जास्त लाज वाटणार आहे. महाविद्यालयांनी त्याची सोय करावी.

याच संदर्भात एका जुन्या हकीकतीची तुम्हाला आठवण करून देतो. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या सगळ्या डॉक्टरांना टपालाने एक लहानशी प्रश्नावली पाठवली: तुम्ही ओढता का, किती, कधीपासून? ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरं धाडली. त्यांच्याच आयुष्यांचा आणि मृत्यूंचा माग ठेवून सिगारेट माणसाला किती लवकर नेते हे जगाला कळलं. मघाचा वर्षं परत मिळण्याचा हिशेब त्याच उत्तरांतून आला. म्हणजे तंबाखूबद्दल आज आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे त्यातला मोठा भाग डॉक्टरांनी एका पत्राला उत्तर दिल्यामुळे ठाऊक आहे.

माझंही शेवटचं मागणं उत्तराचंच आहे. तुमच्या रुग्णांपैकी किती जणांची साखर आटोक्यात आहे, किती जणांचा रक्तदाब, हे तुम्ही सांगू शकता. गेल्या वर्षी ज्यांना तुम्ही तंबाखू सोडायला सांगितली, त्यांच्यातले किती आज तंबाखूशिवाय आहेत? हा आकडा एका वहीत लिहायला सुरुवात करा. नाव, तारीख, औषध, एक महिना, सहा महिने, वर्ष. आकडा लहान निघाला तरी हरकत नाही, शंभरात पाचच निघाले तरी ती पाच घरं आहेत. वही एकदा उघडली की पुढची तारीख, फोन, गमची पद्धत, घरच्यांशी बोलणं, सगळं आपोआप तिच्यात यायला लागेल, कारण रकाना रिकामा ठेवायला तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचा हात धजणार नाही.

तुमच्या वहीतला आकडा विचारायला पुढच्या वर्षी मी येणार आहे. वशिल्याने नाही, रांगेत उभा राहून, केसपेपर काढून.

 

आपला नम्र,
सिगारेट सुटलेली ठेवू पाहणारा
एक काशीकर